पंचवीस वर्षांची भिंत

मंडळी, या विकांताला विषय जरा वेगळा आहे. संगणक नाही, क्रिकेट नाही. भिंत. तीही माझ्याच घराची.

झालं असं, मे महिन्यात एका शनिवारी शिडी लावून उत्तरेकडच्या भिंतीवरचं शेवाळं घासत होतो. पन्हळीच्या पाइपाशेजारची एक फळी फुगल्यासारखी दिसली. सहज स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं तर भिजलेल्या बिस्किटात जावं तसं ते आत गेलं. खालची फळी दाबून पाहिली, तीही तशीच. तासाभरात अकरा फळ्या मोजल्या आणि गुपचूप खाली उतरलो.

रात्री रत्नागिरीला बाबांशी फोनवर बोलताना हे सांगितलं. ते क्षणभर गप्प. मग म्हणाले, "अरे, म्हणजे तुझ्या घराची भिंत लाकडाच्या भुशाची आहे?"

"भिंत नाही हो बाबा, भिंतीवरचा थर."

"मग भिंत कशाची आहे?"

या प्रश्नाचं उत्तर देताना माझी जी त्रेधा उडाली तिच्यातून हा लेख निघाला आहे.

इथली बहुतेक घरं लाकडी चौकटीची असतात. साधारण १८३० च्या दशकात शिकागोच्या आसपास बारीक लाकडी पट्ट्या खिळ्यांनी ठोकून घराचा सांगाडा उभा करायची पद्धत रुळली आणि ती अजून चालू आहे. सांगाड्यावर बाहेरून प्लायवूडसारखे तक्ते, त्यावर पाणी अडवणारा कागद आणि सगळ्यात बाहेर एकावर एक चढवलेल्या आडव्या फळ्या. या फळ्यांना म्हणतात साइडिंग. कोकणात मातीच्या भिंतींना पावसाची झड लागू नये म्हणून माडाच्या विणलेल्या झावळ्या बाहेरून बांधतात, तोच प्रकार. फरक इतकाच, की झावळ्या दरवर्षी बदलतात, आणि साइडिंग पंचवीस-तीस वर्षं टिकेल असं कुणीतरी लिहून दिलेलं असतं.

तर ते 'लिहून दिलेलं' मी शोधलं. ज्या बिल्डरने घर बांधलं त्याची कंपनी केव्हाच बंद झाली होती. एक फळी काढून तिच्या मागे छापलेलं नाव वाचलं तेव्हा उत्पादक कोण ते कळलं. (नाव इथे देत नाही, कारण सांगायचंय ते एका कंपनीबद्दल नाही.) त्यांची तीस वर्षांची मर्यादित वॉरंटी निघाली. अर्ज मागवला. घर कधी बांधलं, साइडिंग कुठून घेतलं, कोणी बसवलं, रंग कधी-कधी दिला, जमिनीपासून फळी किती इंच वर आहे, खिळा किती खोल गेलाय, पट्टी धरून काढलेले फोटो आणि फुगलेल्या फळीचा तुकडा. एवढं सगळं पाठवलं. सात आठवड्यांनी उत्तर आलं: अकरा फळ्यांच्या मालाची किंमत, तीही घराच्या वयाप्रमाणे कापून. मजुरी नाही, रंग नाही. रक्कम इतकी, की सुताराने नुसतं येऊन बघायचे जे पैसे घेतले ते वजा करता हातात फारसं काही उरत नव्हतं. सोबत सही करायला एक कागद. त्यात एक ओळ अशी, की या घरावरच्या साइडिंगबद्दल यापुढे माझी कुठलीही तक्रार राहणार नाही.

सही करायची की नाही? उत्तर सुचेना. मग आपल्या धंद्यातली जुनी सवय कामाला आली. कोड विचित्र दिसला की तो कोणी, कधी आणि कुठला बग सुधारायला लिहिला ते आधी बघायचं. वॉरंटीचंही तेच करायचं ठरवलं.

सुरुवात वॉरंटी नसण्यापासून होते. पूर्वी या फळ्या खऱ्या लाकडाच्या असत, सीडर किंवा पाइनच्या. दर काही वर्षांनी खरवडून रंग द्यावा लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियमचं साइडिंग आलं, आणि 'आता आयुष्यात रंग नको' म्हणत दारोदार फिरणारे विक्रेतेही आले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या 'टायटल वन' योजनेत घरदुरुस्तीच्या कर्जाला सरकारचा विमा होता. विक्रेता घरमालकाकडून 'काम पूर्ण झालं' या कागदावर सही घेई, कधीकधी काम व्हायच्या आधीच. बँक पैसे देई, विक्रेता पसार होई आणि हप्ते घरमालकाच्या गळ्यात. १९५४ मध्ये सिनेटच्या समितीने या प्रकाराची चौकशी केली तेव्हा असे बरेच किस्से बाहेर आले. बॅरी लेव्हिन्सनचा 'टिन मेन' (१९८७) हा सिनेमा याच जमातीवर आहे, १९६३ च्या बाल्टिमोरमधला. बघितला नसेल तर जरूर बघा, धमाल आहे. मात्र त्यातलं आश्वासन तोंडी आहे. ते मोडलं तर धरायचं कोणाला?

कायदाही तेव्हा घेणाऱ्याच्या बाजूचा नव्हता. 'घेणाऱ्याने बघून घ्यावं' हा मूळ नियम. शिवाय कराराचं नातं फक्त तुमचं आणि दुकानदाराचं. कारखाना म्हणणार, तुम्ही कोण, आम्ही तुम्हाला काही विकलंच नाही. याला पहिला मोठा तडा गेला तो मोटारीच्या खटल्यात. हेनिंगसन नावाच्या गृहस्थांनी १९५५ मध्ये नवी प्लिमथ गाडी घेतली आणि थोड्याच दिवसांत स्टिअरिंग बिघडून पत्नीला अपघात झाला. छापील वॉरंटी म्हणत होती, ९० दिवस किंवा ४००० मैल, आणि फक्त बिघडलेला भाग बदलून मिळेल. १९६० मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बारीक अक्षरात लिहून जबाबदारी अशी झटकता येणार नाही, आणि थेट करार नसला तरी उत्पादक सुटत नाही. घरांचा नंबर लागला १९६८ मध्ये, टेक्ससमध्ये. हंबर विरुद्ध मॉर्टन. एका विधवा बाईंनी नवं घर घेतलं, पहिल्यांदा शेकोटी पेटवली आणि घरालाच आग लागली. बिल्डरचं म्हणणं, घेताना बघून घ्यायचं होतंत. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम नव्या घरांपुरता मोडीत काढला: घर राहण्यालायक आहे ही हमी बिल्डरने न लिहिताही दिलेलीच असते.

मग १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा. आज प्रत्येक वॉरंटीवर 'मर्यादित' हा शब्द ठळक दिसतो तो याच्यामुळे. लेखी वॉरंटी दिलीत तर ती 'पूर्ण' आहे की 'मर्यादित' ते सांगा, असं हा कायदा म्हणतो. जवळजवळ सगळ्यांनी 'मर्यादित' निवडलं, हे सांगायला नकोच. :)

आता यातली गंमत बघा. हा कायदा ग्राहकोपयोगी वस्तूंचा. तुम्ही स्वतः दुकानातून साइडिंग आणून जुन्या घराला लावलंत तर ती ग्राहकोपयोगी वस्तू. तेच साइडिंग आधीच लावलेलं घर विकत घेतलंत तर ती वस्तू राहत नाही, घराचाच भाग होते, आणि हा कायदा तिथे लागू नाही. फळी तीच, खिळा तोच. माझं घर अर्थात दुसऱ्या प्रकारात. हे वाचून मी चहाचा दुसरा कप केला.

आता भुशाकडे वळू. मिसिसिपी राज्यात लॉरेल नावाचं गाव आहे, लाकूड गिरण्यांचं. विल्यम मेसन नावाचा, कधीकाळी एडिसनबरोबर काम केलेला माणूस तिथल्या गिरण्यांमधला वाया जाणारा चुरा बघून हळहळत असे. त्याने लाकडाच्या ढलप्या बंद भांड्यात वाफेच्या प्रचंड दाबाखाली ठेवल्या आणि दाब एकदम सोडला. ढलप्या फुटून त्यांचे तंतू मोकळे झाले. हे १९२४ च्या सुमाराचं. गोष्ट अशी सांगतात की तंतूंचा थर दाबयंत्रात ठेवून मेसन जेवायला गेला, वाफेची झडप बिघडलेली असल्याने उष्णता चालूच राहिली, आणि परत येऊन बघतो तर दगडासारखा कडक तक्ता तयार! लाकडातल्याच लिग्निनने तंतू चिकटवले होते. हा तक्ता म्हणजे मेसोनाइट, म्हणजे हार्डबोर्ड. परीक्षेला आपण जे तपकिरी पॅड न्यायचो ते याच जातीचं.

टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच. पण घराबाहेर, पावसात?

इथे थोडं पोह्यांबद्दल बोलायला हवं. तांदूळ दाबून पोहे केले की ते चपटे, कोरडे राहतात. पाणी लागलं की फुगतात, आणि पुन्हा वाळवले तरी पहिल्यासारखे होत नाहीत. दाबून केलेल्या लाकडी तक्त्याचा स्वभाव असाच. तंतू दाबाखाली बसलेले असतात, पाणी मिळालं की सुटतात, आणि सुटले की कायमचे. तक्त्याचा दर्शनी भाग रंगामुळे सुरक्षित असतो. पाणी शिरतं ते कडांमधून आणि जास्त खोल ठोकलेल्या खिळ्यांच्या भोकांतून. खालची कड उघडी राहिली तर ती थेंब वर ओढून घेते. म्हणूनच माझ्या अर्जात खिळ्याची खोली आणि जमिनीपासूनचे इंच विचारले होते.

हार्डबोर्डचा भाऊ म्हणजे ओएसबी. यात तंतूंऐवजी लाकडाचे पापुद्रे रेझिन लावून दाबतात. मोठी जुनी झाडं महाग आणि दुर्मिळ होत चालली होती, ओएसबीला लहान, झटपट वाढणारी झाडं चालत. लुइझियाना-पॅसिफिक कंपनीने १९८५ पासून 'इनर-सील' नावाचं ओएसबी साइडिंग विकायला काढलं, पंचवीस वर्षांच्या वॉरंटीसह. खऱ्या लाकडापेक्षा स्वस्त असल्याने बिल्डर मंडळी खूश. काही वर्षांत फ्लोरिडासारख्या दमट आणि वायव्येकडच्या पावसाळी भागांतून तक्रारी सुरू झाल्या. फळ्या फुगत, कुजत होत्या. काही घरांच्या भिंतींवर चक्क अळंबी उगवली. १९९५ मध्ये कंपनीचे प्रमुख हॅरी मर्लो यांना पायउतार व्हावं लागलं.

वॉरंटी होती, मग लोकांनी थेट तिच्यावर पैसे का नाही घेतले? घेतले ना, काहींनी. पण अशा दाव्यांवर कंपन्यांची उत्तरं ठरलेली असत: बसवणाऱ्याने चूक केली, किंवा तुम्ही वेळेवर रंग दिला नाही. आपल्याकडे बग आला की 'युजरने चुकीचं वापरलं' म्हणतात, तसं. एकट्या घरमालकाला हे खोडून काढायचं तर तज्ज्ञ लागणार, वकील लागणार आणि दुरुस्तीपेक्षा जास्त खर्च होणार. हजारो घरमालक एकत्र आले तेव्हाच हे गणित बदललं. १९६६ मध्ये फेडरल नियम बदलून सामूहिक खटल्यांची वाट रुंद केली गेली होती, तिचा हा उपयोग.

इनर-सीलचा समझोता १९९६ च्या एप्रिलमध्ये ओरेगनच्या फेडरल न्यायालयाने मंजूर केला. कंपनीने सात वर्षांत २७.५ कोटी डॉलर निधीत भरायचे. स्वतंत्र निरीक्षक घरी येऊन फळ्या तपासणार. बसवण्यात किंवा देखभालीत चूक दिसली तर भरपाईतून ७५ टक्क्यांपर्यंत कपात. मात्र चूक होती म्हणून दावाच फेटाळला, असं नाही. माझ्या मते हा सगळ्यात मोठा बदल. 'चूक कोणाची' या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं न राहता टक्क्यांत आलं.

पण निधी ठरलेला, आणि रांग मोठी. दावे पैशापेक्षा खूप जास्त झाले. १९९८ मध्ये दावेदारांपुढे पर्याय आला, की पुढच्या निधीची वाट बघत थांबा, नाहीतर आत्ता कमी पैसे घ्या आणि उरलेला हक्क सोडा. ज्याची भिंत आत्ता गळतेय त्याने काय निवडावं, तुम्हीच सांगा.

मेसोनाइटची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९८८ पासून ही कंपनी इंटरनॅशनल पेपरच्या मालकीची होती. १९९४ च्या डिसेंबरमध्ये अलाबामातल्या मोबील काउंटीत तिच्यावर हार्डबोर्ड साइडिंगबद्दल खटला दाखल झाला, आणि पुढच्या वर्षी त्याला देशव्यापी सामूहिक रूप मिळालं. खरा मुद्दा हाच, की दोष मालात आहे की बसवण्यात? घरमालकांचं म्हणणं मला फार पटतं: देशभर सुतार जसे बसवतात तसं बसवल्यावर जो माल टिकत नाही, तो घरासाठी योग्य माल नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये जूरीने साइडिंग सदोष असल्याचा निकाल दिला. १९९७ मध्ये समझोता ठरला आणि १५ जानेवारी १९९८ रोजी मंजूर झाला.

यात ठरावीक निधी नव्हता. जसे दावे येतील तसे पैसे. रांगेत पुढे कोण याची चिंता नाही, पण तारखेची होती. १९८० च्या दशकात बसवलेल्या साइडिंगचा दावा जानेवारी २००५ पर्यंत, त्यानंतर बसवलेल्याचा जानेवारी २००८ पर्यंत. दरम्यान २००१ मध्ये इंटरनॅशनल पेपरने मेसोनाइट विकली, साइडिंगचं देणं मात्र स्वतःकडे ठेवलं. विकत घेणाऱ्या प्रेमडॉर या दारं बनवणाऱ्या कंपनीने पुढे मेसोनाइट हेच नाव घेतलं, आणि २०२४ मध्ये ती ओवेन्स कॉर्निंगकडे गेली. म्हणजे फळीमागचं नाव वाचून नुसता नावाचा माग काढत गेलात, तर चुकीच्या दारात उभे राहाल. अक्षरशः दारंच बनवणाऱ्यांच्या!

पुढे हा सिलसिला चालूच राहिला. एबीटी कंपनीच्या हार्डबोर्डचा समझोता २००० मध्ये झाला, आणि तोवर एबीटी कोणी विकत घेतली होती? लुइझियाना-पॅसिफिकने, १९९९ मध्ये. भुशाऐवजी सिमेंट आणि तंतू वापरलेलं साइडिंग आलं, म्हटलं आता तरी सुटलो. तर सर्टनटीडच्या फायबर सिमेंटचा १०.३९ कोटी डॉलरचा समझोता २०१४ मध्ये मंजूर झाला. दुसरीकडे लुइझियाना-पॅसिफिक धडा शिकली. झिंक बोरेट मिसळून बुरशी आणि वाळवीपासून जपलेलं स्मार्टसाइड तिने १९९७ मध्ये आणलं, आणि तेच आज तिचं बलस्थान आहे. त्यावर ५० वर्षांची वॉरंटी आहे. मर्यादित, आणि वयाप्रमाणे घटणारी!

आता माझं पत्र पुन्हा वाचलं तर प्रत्येक ओळ ओळखीची वाटू लागली. तुकडा मागतात, कारण पाहणीआधी फळी बदललीत तर पुरावा गेला. रंगाच्या तारखा मागतात, कारण कपातीचा हिशेब तिथे सुरू होतो. वयाप्रमाणे रक्कम घटते, कारण एकाच वर्षी सगळ्यांना पूर्ण पैसे द्यायची वेळ आली तर काय होतं ते या धंद्याने पाहिलंय. आणि ती शेवटची ओळ, 'या घरावरच्या साइडिंगबद्दल'? ती १९९८ मध्ये रांगेतल्या लोकांपुढे ठेवलेल्या पर्यायाची धाकटी बहीण. आत्ता थोडं घ्या, पुढचं सोडा.

दुकानदार आपल्याला सांगतो ना, 'गॅरंटी नाही साहेब, वॉरंटी आहे'? मला वाटायचं तो शब्दांचा खेळ करतोय. पण तीस वर्षं हा आकडा फळी किती टिकेल याचा अंदाज नसून भांडण किती वर्षं करता येईल याची मुदत आहे, हे मला या वाचनातून कळलं. फळी किती टिकेल ते पन्हळ, खिळा आणि रंग ठरवतात.

महाराष्ट्रात घर घेणाऱ्यांसाठी जाता जाता एक गोष्ट. २०१६ च्या रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कारागिरीत दोष दिसला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा, असं कलम १४(३) मध्ये आहे. पाचच वर्षं, पण बोट सरळ बिल्डरकडे. सिमेंट कोणाचं, रंग कोणाचा हे शोधत बसायला नको. माझ्या तीस वर्षांपेक्षा मला ही पाच जास्त आवडली.

असो. मी काय केलं? तिन्ही भिंतींचे तारखेसह फोटो काढले आणि कंपनीला लिहिलं, की सही करतो, पण फक्त उत्तर भिंतीवरच्या अकरा फळ्यांपुरती. रक्कम वाढवून मागितली नाही. पंधरा दिवसांनी दुरुस्त कागद आला, तेवढाच शब्द बदललेला. सही केली. चेक आला, बँकेत टाकला. पन्हळ मी स्वतः बसवून घेतली, कारण खरं कारण तीच होती हेही मान्य करायला हवं.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "एवढा खटाटोप करून मिळवलंस काय?"

म्हटलं, "तीन भिंती, बाबा. अजून काही वर्षं भांडता येईल."

"बरं," ते म्हणाले, "पण रंग दे वेळेवर."